शरणपूर ते वेस्टमिन्स्टर : एका खेड्याचा अफाट पल्ला

शरणपूर रोड हा नाशिकमधल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक. महापालिकेचं मुख्यालय याच रस्त्यावर, तिबेटियन मार्केट याच रस्त्यावर, आणि कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला खोळंबलेल्या दुचाक्यांची रांगही याच रस्त्यावर. २०११च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजारांवर पोचलेल्या या शहराने आजूबाजूची कितीतरी खेडी पोटात घेतली, त्यांतलं एक शरणपूर. त्या खेड्याचं नाव रस्त्याला मिळालं आणि सेंट अँड्र्यूज चर्च जागच्या जागी राहिलं.

हे खेडं वीस वर्षांच्या काळात जगाच्या नकाशावर जिथे जिथे उमटलं, ती ठिकाणं वाचून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसणार नाही. झांझिबार, टांगानिका सरोवर, आजच्या झांबियातली दलदल, एडन, साउदॅम्प्टन आणि लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबे. यातला बराचसा प्रवास पायी झाला, आणि तो करणारी माणसं या खेड्यातल्या शाळेत शिकलेली होती. म्हणून आकडे एकेक करून पाहू.

१८५४

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला ठाणं टाकलं १८३२ साली. सुरुवातीच्या मिशनऱ्यांत सी. पी. फरार हे एक. धर्मांतर केलेल्या माणसाची तेव्हा दुहेरी पंचाईत होई. जात सुटायची, आणि जातीबरोबर घर, शेजार, पाणवठा, धंदा, सोयरीक सगळंच सुटायचं. त्यावर मिशनने काढलेला तोडगा म्हणजे वेगळं गावच वसवायचं. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ साली नाशिक शहराच्या पश्चिमेला हे गाव उभं केलं.

त्याच्या डोळ्यांपुढे नमुना होता तो इंग्लंडमधल्या खेड्याचा. मध्यभागी चर्च, त्याला लागून शाळा, भोवती घरं, पलीकडे शेतं. इथे त्यात अनाथाश्रमाची आणि कारखान्याची भर पडली. मुलांनी सकाळी पाटी-पुस्तक धरायचं आणि पुढे सुतारकाम, लोहारकाम, शेती यांपैकी काहीतरी हाताला लावून घ्यायचं. इंग्लंडमध्ये अशी चर्चवाली खेडी हजारोंनी आहेत आणि बहुतेकांच्या नोंदवहीत त्याच त्याच घराण्यांचे जन्म, लग्नं, मृत्यू पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असतात. शरणपूरच्या वाट्याला मात्र वेगळीच पोरं आली.

३ लाखांतले २००

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झांझिबारच्या बाजारातून दरवर्षी १५ ते २० हजार गुलामांची उलाढाल होत होती, असा इतिहासकारांचा साधारण अंदाज आहे. न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखातून माणसं पकडायची, मानेत लाकडी बेडी अडकवून किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची, आणि तिथून गलबतांत कोंबून अरबस्तान, इराणचं आखात आणि आणखी कुठे कुठे पाठवायची, असा तो धंदा. ब्रिटिश आरमाराची जहाजं या गलबतांवर गस्त घालत. एखादं हाती लागलं की सुटका झालेल्यांचं करायचं काय, हा प्रश्न पडायचा. त्यांचं घर आत शेकडो मैलांवर, वाट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात. परत सोडावं तर पुन्हा पकडले जाणार. मग जहाज मुंबईला यायचं, आणि त्यातल्या काही मुलामुलींची रवानगी व्हायची नाशिकला.

शरणपूरच्या या आफ्रिकन आश्रमात वीस वर्षांत आलेल्या मुलांची संख्या होती सुमारे २००. त्याच वीस वर्षांत झांझिबारमार्गे विकली गेलेली माणसं वरच्या हिशेबाने ३ ते ४ लाख. म्हणजे दीड-दोन हजारांतलं एखादं मूल शरणपूरला पोचलं. हातातल्या बेड्या सुटल्यावर पाच-सहा हजार किलोमीटर दूर, गोदावरीच्या काठी, याओ किंवा माकुआ मुलखातलं ते पोर इंग्रजी पुस्तकं वाचायला शिकत होतं आणि कानावर मराठी-हिंदुस्थानी पडत होती. मूळ नावं बहुतेकांची गेली. मिशनऱ्यांच्या, देणगीदारांच्या, नामवंत इंग्रजांच्या नावांवरून नवी नावं मिळाली : वेनराइट, वेलिंग्टन, गार्डनर, आयझेनबर्ग, प्राइस, फरार.

३६ माणसं, १६ जनावरं

डेव्हिड लिव्हिंग्स्टन तेव्हा इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला प्रवासी. १८६४ साली तो ‘लेडी न्यासा’ नावाची आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून थेट मुंबईला आला. अडीच हजार मैलांचा समुद्र, ४५ दिवस, आणि पावसाळा तोंडावर. १३ जूनला बोट मुंबईला लागली. तिच्यावर त्याला सुमारे सहा हजार पौंड मोजावे लागले होते. पुढल्या वर्षी मुंबईतच ती २,३०० पौंडांना विकली गेली, आणि पैसे ज्या बँकेत ठेवले ती बुडाली.

नाईलच्या उगमाचा शोध घ्यायला तो पुन्हा निघाला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता सर बार्टल फ्रिअर. मदत मुंबई इलाख्याची आणि माणसंही इथलीच. १८६६च्या जानेवारीत ‘थुले’ या जहाजाने मुंबई ते झांझिबार हे अंतर २३ दिवसांत कापलं. पुढे आफ्रिकेत उतरलेल्या तांड्याची मोजदाद अशी : मुंबई पलटणीचे १३ शिपाई, जोहाना बेटावरचे १०, शरणपूरचे ९, शुपांगाचे २ आणि याओ जमातीचे २. एकूण ३६. शिवाय सहा उंट, तीन म्हशी नि एक पारडू, दोन खेचरं, चार गाढवं. त्सेत्से माशीपुढे कुठलं जनावर टिकतं ते त्याला पाहायचं होतं.

माशीने आणि माणसांच्या हयगयीने जनावरं संपली. शिपायांना त्याने परत धाडलं. जोहानाचे दहाही जण पळाले आणि झांझिबारला जाऊन ‘साहेब मारला गेला’ अशी थाप मारून मोकळे झाले. शरणपूरचे नऊजणही सगळेच धुतल्या तांदळासारखे नव्हते. काही पळाले, काहींच्या नावाने लिव्हिंग्स्टनने वहीत बोटं मोडली आहेत. रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी आजारपणात गेला, जेम्स पुढे मन्येमा मुलखात मारला गेला. सात वर्षांनी, १८७३ साली, मुळातल्या ३६ पैकी लिव्हिंग्स्टनजवळ जेमतेम पाच-सहा उरले होते. त्यांत शुपांगाचा सुसी, याओ मुलखातला चुमा आणि शरणपूरचा एडवर्ड गार्डनर होते.

५७ आणि ६

१० नोव्हेंबर १८७१ ही बातमीदार स्टॅन्लेने लिव्हिंग्स्टनला गाठलं, त्या गाजलेल्या भेटीची रूढ तारीख. भेट झाली, वर्तमानपत्रांत गाजली, आणि स्टॅन्ले किनाऱ्यावर परतला. खरी गरज पुढेच होती, कारण लिव्हिंग्स्टन मागे फिरायला तयार नव्हता आणि त्याच्यापाशी माणसं नव्हती. स्टॅन्लेने झांझिबारहून ५७ जणांचा तांडा त्याच्याकडे पाठवला. लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी इंग्लंडहून आलेल्या दुसऱ्या एका मोहिमेने नाशिकहून सहा तरुण आणवले होते. ती मोहीम बारगळली, आणि ते सहाही याच तांड्याबरोबर चालते झाले. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, बेंजामिन रटन आणि रिचर्ड रटन.

सहा हा आकडा लहान आहे. पण साठ-सत्तर माणसांच्या त्या तांड्यात लिहिता-वाचता येणारे जे होते ते मुख्यतः यांतले, आणि पुढे ज्या कामासाठी हा तांडा ओळखला गेला ते काम लेखणीशिवाय झालंच नसतं.

१४ दिवस

१ मे १८७३. आजच्या झांबियात, बांगवेउलू सरोवराच्या दक्षिणेला चितांबो या मुखियाचं गाव. पहाटे लिव्हिंग्स्टन खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत सापडला. वय ६०.

तिथेच पुरून प्रत्येकाने आपापली वाट धरली असती तर कुणी बोल लावला नसता. उलट प्रेत घेऊन फिरणं हाच त्या मुलखात मोठा धोका होता. गावोगावचे लोक त्याला अशुभ मानत, दंड मागत, वाट अडवत. तरी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की देह किनाऱ्याला न्यायचा.

आधी जेकब वेनराइटने लिव्हिंग्स्टनच्या पेट्या सगळ्यांसमक्ष उघडून आतल्या वस्तूंची यादी केली. उद्या कुणी चोरीचा आळ घ्यायला नको. मग गावाबाहेर वर आभाळ उघडं असलेलं एक कुंपण उभारलं. झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरी केलेला फरिजाला नावाचा माणूस तांड्यात होता. त्याने देह चिरून आतले अवयव काढले, त्याच्या हाताशी शरणपूरचा कॅरस फरार. हृदय आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली, आणि त्या खड्ड्याशी उभं राहून जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली. इंग्लंडच्या कुठल्याही खेड्यात चर्चच्या आवारात वाचतात तीच, शरणपूरच्या चर्चमध्ये तो ज्या पुस्तकातून शिकला त्यातलीच. झाडाच्या बुंध्यावर त्याने इंग्रजी अक्षरांत नाव आणि तारीख कोरली. ते झाड १८९९ साली तोडलं, आणि अक्षरांचा तेवढा तुकडा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला.

देहात मीठ भरून तो १४ दिवस उन्हात वाळवला. रोज एकदा कूस बदलायची, रात्रंदिवस पहारा. मग गुडघे दुमडून कापडात गुंडाळला, एका झाडाची साल नळकांड्यासारखी अखंड सोडवून तिच्यात बसवला, वरून शिडाचं कापड शिवून डांबर फासलं, आणि आडव्या काठीला बांधला. दोघांच्या खांद्यावर मावेल असं ते ओझं तयार झालं.

२,४०० किलोमीटर

चितांबोच्या गावापासून आजच्या टांझानियातलं टबोरा आणि टबोऱ्यापासून हिंद महासागराच्या काठचं बागामोयो, अशा दोन सरळ रेषा नकाशावर ओढल्या तरी बेरीज दीड हजार किलोमीटरच्या वर जाते. पायवाट सरळ कधीच नसते. बांगवेउलूची दलदल, मधली लुआपुला नदी, टांगानिकाला घातलेला वळसा, लढाया चाललेला मुलूख टाळत काढलेल्या वाटा, हे सगळं धरून दीड हजार मैल, म्हणजे सुमारे २,४०० किलोमीटर, हा आकडा रूढ झाला आहे.

नाशिककरांना चालण्याचा हिशेब नवा नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी सुमारे साडेचारशे किलोमीटर चालून पावणेचार-चार आठवड्यांनी पंढरपूरला पोचते. या तांड्याचं चालणं अशा पाच वाऱ्यांएवढं. फक्त वाटेत कुणी पाय धुवायला उभं नव्हतं, मुक्कामाला पंगत नव्हती, आणि खांद्यावर जे होतं ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. निघाले १८७३च्या मे महिन्यात, पोचले फेब्रुवारी १८७४ मध्ये. नऊ महिने. मुक्काम, आजारपणं, अडवणूक सगळं धरूनही सरासरी पडते दिवसाला नऊ किलोमीटरची.

ऑक्टोबरात टबोऱ्याजवळ त्यांना लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. तो लिव्हिंग्स्टनच्याच मदतीला निघालेला ब्रिटिश आरमारी अधिकारी. त्याने सुचवलं, इथेच पुरा, पुढे धोका आहे. तांड्याने ऐकलं नाही. साहेबाचा शब्द शेवटचा मानण्याच्या त्या काळात हा नकारही मोजण्याजोगा आहे.

धोका मात्र खराच होता. पुढे कासेकेरा नावाच्या गावी वाट अडली, प्रेत पुढे नेऊ देणार नाही म्हणून. तेव्हा त्यांनी एक शक्कल लढवली. ज्वारीची ताटं सहा-सहा फुटांवर तोडून त्यांची मोळी बांधली, कापडात गुंडाळून तिला प्रेताचा आकार दिला, आणि काहीजण ती खांद्यावर घेऊन गंभीर चेहऱ्यांनी टबोऱ्याच्या दिशेला परत निघाले : गावकऱ्यांचं म्हणणं मान्य, पुरायला माघारी नेतो. अंधार पडल्यावर कडबा रानात विखरून टाकला, कापडाच्या चिंध्या लपवल्या आणि एकेक करून परतले. तोवर खरा देह वेगळ्या आकारात बांधून, कापडाच्या गठ्ठ्यांमधला एक गठ्ठा होऊन, व्यापारी मालाबरोबर पुढे गेला होता. ज्वारीचं ताट किती फुटांवर तोडलं की माणसाएवढं दिसतं, हे ज्यांनी ती उभी पिकं पाहिली आहेत त्यांनाच सुचावं.

११,००० किलोमीटरहून जास्त

बागामोयोला ‘व्हल्चर’ ही ब्रिटिश युद्धनौका आली, आणि देह झांझिबारला गेला. जमिनीवरचं काम संपताच बहुतेकांना मजुरी देऊन वाटेला लावलं. चुमा आणि सुसी यांनाही जहाजावर जागा मिळाली नाही. एकट्या जेकबला मिळाली, कारण त्याचं भाडं चर्च मिशनरी सोसायटीने भरलं. झांझिबार ते एडन, एडनहून ‘माळवा’ जहाजाने सुएझ कालव्यातून साउदॅम्प्टन. हा सागरी पल्ला ११,००० किलोमीटरहून मोठा.

देह खरंच लिव्हिंग्स्टनचा आहे का, हे लंडनमध्ये सर्जन सर विल्यम फर्ग्युसनने तपासलं. पुरावा होता डाव्या दंडाच्या हाडात. १८४४ साली सिंहाने चावून मोडलेलं ते हाड नीट सांधलंच नव्हतं. तीस वर्षांपूर्वीची खूण, नऊ महिन्यांच्या वाटचालीनंतर, शाबूत. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं. शवपेटीला हात लावायचा मान आठजणांना होता. स्टॅन्ले त्यांत होता, झांझिबारचा कॉन्सुल कर्क होता, आणि शरणपूरच्या शाळेचा जेकब वेनराइटही होता.

जेकबच्याच वाटचालीची बेरीज करून पाहू. झांझिबारच्या किनाऱ्यावरून मुंबई आणि नाशिक सुमारे पावणेपाच हजार किलोमीटर, परत तेवढेच; किनाऱ्यापासून टबोरा आणि तिथून चितांबोपर्यंत दोन-सव्वादोन हजार; देह घेऊन चोवीसशे; पुढे समुद्र अकरा हजारांवर. एकूण पंचवीस हजारांच्या आसपास. पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त पृथ्वीप्रदक्षिणा, आणि यात गुलाम म्हणून किनाऱ्यापर्यंत झालेली पहिली फरफट धरलेलीच नाही. वाटेत तो रोजनिशी लिहीत होता. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूचं आफ्रिकन साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेलं ते टिपण, आणि आज ते लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावी, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरला जपून ठेवलं आहे.

३५ दिवस

चितांबोच्या गावी देह वाळवून वाटचाल सुरू झाली त्याच सुमाराला, ५ जून १८७३ रोजी, झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर बरोबर ३५ दिवसांनी. तो गेल्याचं तेव्हा किनाऱ्यावर कुणाला ठाऊकही नव्हतं. या वाटाघाटींसाठी लंडनहून पाठवलेला वकील होता बार्टल फ्रिअर, मुंबईचा माजी गव्हर्नर. सुटलेल्यांना आता आफ्रिकेतच वसवायचं, असं ठरलं, आणि ते काम आलं ज्याने शरणपूर वसवलं त्याच प्राइसकडे. १८७४च्या अखेरीस तो मोंबासाला उतरला आणि फ्रिअरच्या नावाने फ्रीअरटाउन उभं राहिलं. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम बंद झाला, आणि तिथले व मुंबईचे मिळून दीडशेच्या घरात लोक नव्या गावाचे शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे झाले. मूळ कल्पना इंग्लंडच्या खेड्याची. तिची नाशिकला तयार झालेली प्रत आफ्रिकेत गेली.

विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोघे त्याआधीच, १८६४ साली, मोंबासाजवळ रबईला गेले होते. १८८५ साली त्या दोघांना चर्चच्या धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. आजच्या केनियात असा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकन. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, आणि दोनशेहून जास्त माणसांच्या त्याच्या तांड्यातले उरलेसुरले लोक जोन्सनेच सुखरूप परत आणले.

६० पदकं आणि एक शिळा

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने लिव्हिंग्स्टनच्या साथीदारांसाठी ६० रौप्यपदकं पाडली. ती झांझिबारला पोचेपर्यंत माणसं पांगली होती, आणि बऱ्याच जणांना आपल्या नावाचं पदक आहे हे कळलंही नाही. वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या शिळेवर इमानी हातांनी त्याला जमिनीवरून आणि समुद्रावरून आणलं, अशा अर्थाचा मजकूर आहे. हात कुणाचे, ते नाही.

योगायोग असा, की नाशिकचे मिशनरी फरार यांचा मुलगा फ्रेडरिक फरार १८७६ साली त्याच वेस्टमिन्स्टर ॲबेचा कॅनन झाला. त्याच्या आडनावाचा दुसरा माणूस, कॅरस फरार, लिव्हिंग्स्टनचा देह चिरताना हाताशी होता. एकाच्या पायाशी रोज ती शिळा, आणि दुसऱ्याचं नाव तिच्यावर नाही.

त्या सहाजणांतला मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासाला वारला तो १९३५ साली. तोवर नाशिकला स्वतःचा बिशप मिळून सहा वर्षं झाली होती. हवं तर त्याला विचारून सगळी नावं लिहून घेता आली असती, इतका तो काळ जवळचा.

इतिहासात हे सगळे मैल लिव्हिंग्स्टनच्या खात्यावर जमा आहेत. त्याने मेल्यानंतर केलेले दोन हजार चारशे किलोमीटरसुद्धा! खातं दुरुस्त करायला नव्या आकड्यांची गरज नाही. आहेत त्याच आकड्यांपुढे नावं लिहिली की झालं. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, बेंजामिन रटन, रिचर्ड रटन, एडवर्ड गार्डनर. सगळे मु. पो. शरणपूर, जिल्हा नाशिक.